छत्तिशीतला स्टार स्ट्रायकर आपल्या क्लबने घ्यावा का?

तापीकाठ (भुसावळ)

मंडळी, रविवारी आमच्या क्लबच्या कमिटीची बैठक आहे. विषय एकच, म्हणून हा धागा काढतोय. भुसावळच्या मैदानांवर ज्यांचं येणं-जाणं आहे त्यांना मी कोणाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल, पण नाव कृपया लिहू नका. आपण त्याला दादा म्हणू.

दादा इथलाच, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला. विशीत मुंबईला गेला आणि खात्याच्या टीमकडून बरीच वर्षं नऊ नंबरला, म्हणजे सर्वांत पुढे गोल करायच्या जागी, खेळला. आमच्या पिढीतली निम्मी पोरं त्याला बघूनच फुटबॉलच्या नादाला लागली. आता बदली होऊन घरी आलाय, वय ३६, आणि आमच्याकडून खेळायची त्याची इच्छा आहे. त्याने तीन गोष्टी मागितल्यात: दोन सिझनचा शब्द, मानधन आणि प्रत्येक मॅचला पहिल्या अकरात जागा.

गरज आम्हाला आहे, हे आधीच कबूल करतो. गेल्या हिवाळ्यातली सेमीफायनल ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. शून्य-शून्य, सेकंड हाफ निम्मा उलटलेला. डावीकडून आमच्या विंगरने बॅकला चकवलं आणि गोललाइनजवळून बॉल मागे ओढला. गोली आधीच आडवा पडलेला. पेनल्टी स्पॉटजवळ आमचा नऊ नंबर एकटा, आजूबाजूला कोणी नाही. पहिल्या टचला मारायचा बॉल त्याने थांबवायला बघितला. काळ्या मातीच्या ढेकळावरून बॉल उडाला, गुडघ्यापर्यंत आला आणि त्याने तो बारवरून थेट रस्त्यावर घातला. पुढे पेनल्टीत हरलो. अठरा वर्षांचं पोरगं, मॅच संपल्यावर जर्सीत तोंड घालून बसलं होतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, पण असे चान्स आम्ही सिझनभर घालवले. बॉल बॉक्सपर्यंत नेणारे चौघं-पाचजण आहेत, तो शांतपणे आत टाकणारा कोणी नाही.

माझं मन ‘घ्या’ म्हणतंय. बॉक्समध्ये दादाच्या पायात बॉल आला की काय होतं ते मी लहानपणापासून बघत आलोय. पण तिसरी अट घशाखाली उतरत नाही, आणि दोन सिझनचा शब्द द्यायला जीव धजावत नाही. बाहेरच्या क्लबांनी असे खेळाडू घेतले तेव्हा कुठे भलं झालं, कुठे नुकसान झालं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहा. मी या पोस्टी बैठकीत वाचून दाखवणार आहे.

धुळ्याचा मिलानवाला

घ्याच.

माझी टीम इटलीची एसी मिलान, त्यामुळे हे सगळं मी रात्री जागून बघितलंय. डिसेंबर २०१९ मध्ये अटलांटाने आम्हाला ५-० असं झोडपलं. पुढच्याच महिन्यात आमचा जुना स्ट्रायकर झ्लाटान इब्राहिमोविच परत आला, वय ३८. अमेरिकेच्या लीगमधून आलाय, संपलाय, मिलानला दुसरं काही सुचत नाही म्हणून जुनं नाव आणलंय, असं तेव्हा जो तो लिहीत होता. त्या अर्ध्या सिझनमध्ये त्याने लीगमध्ये १० गोल केले. पुढच्या सिझनला १९ मॅचमध्ये १५. मिलान दुसऱ्या नंबरवर आलं आणि कितीतरी वर्षांनी युरोपातल्या बड्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये गेलं. २०२१-२२ ला तर लीगच जिंकली, ११ वर्षांनी.

आणि जिंकलो त्या सिझनला झ्लाटानचे लीगमधले गोल किती? फक्त ८. तोवर फ्रान्सचा स्ट्रायकर जिरू आलेला होता, तोही पस्तिशीतला, त्याचे ११. तरुण फॉरवर्ड राफाएल लेआओचेही ११, आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. झ्लाटान आला तेव्हा लेआओ २० वर्षांचा होता. अंगात सगळं होतं, पण मॅचमध्ये मधूनच गायब व्हायचा. अशा पोरांच्या शेजारी रोजच्या सरावाला एक माणूस उभा राहिला, ज्याला ढिलाई सहन होत नव्हती. माझ्या मते मिलानला मिळालेली खरी कमाई ती होती.

भाऊ, तुमच्या दुसऱ्या अडचणीचं उत्तरही यातच आहे. मिलानने पहिला करार फक्त सहा महिन्यांचा केला होता, पुढे वाढवायची सोय ठेवून. नंतरही एकेक वर्षच वाढवत गेले. दोन सिझनचा शब्द देऊ नका, पण माणूस हातचा घालवू नका.

रावेरचा विंगर

माझा विरोध आहे आणि तो मी खेळाडू म्हणून करतोय. नऊ नंबर पळत नसला की त्याच्या वाटणीचं पळणं दोन विंगर आणि मधल्या दोघांच्या अंगावर येतं. समोरचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, बॉल घेऊन निवांत वर येतो, मान वर करून हवा तिथे पास देतो. त्याला अडवायला मी आत गेलो की माझ्यामागचा बॅक उघडा पडतो. स्कोअरशीटवर यातलं काही दिसत नाही. दिसतात ते फक्त दादाचे गोल.

मँचेस्टर युनायटेड बघा. २०२०-२१ ला दुसऱ्या नंबरवर, ७४ पॉइंट, लीगमध्ये ७३ गोल. ऑगस्ट २०२१ मध्ये ३६ वर्षांचा रोनाल्डो परत आला. त्याने लीगमध्ये १८ गोल केले, टीममध्ये सर्वांत जास्त. आणि टीम गेली सहाव्या नंबरवर, ५८ पॉइंट, एकूण गोल ५७. एवढा गोल करणारा माणूस आला आणि टीमचे गोल १६ ने कमी झाले. नोव्हेंबरमध्ये कोच काढला, डिफेन्सही फाटलेला होता, सगळं त्याच्या एकट्याच्या माथी मारत नाही. पण टीम ज्या पद्धतीने गोल करत होती ती पद्धत बदलावी लागली, हे खरं.

आणि शेवट? ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटेनहॅमच्या मॅचला बदली म्हणून उतरायला त्याने नकार दिला, मॅच संपायच्या आधीच आत निघून गेला. पुढच्या महिन्यात करारच संपला. तुमच्या दादाची तिसरी अट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं.

तापीकाठ (भुसावळ)

विंगरभाऊ, पळण्याचा मुद्दा एकदम बरोबर. आमचा कोच पुढूनच बॉल हिसकावायला लावतो. गेल्या वर्षी आमचे बरेच चान्स तयार झाले ते समोरच्या स्टॉपरच्या चुकीतून, आणि ती चूक करायला लावणारा तोच अठरा वर्षांचा पोरगा होता. तो बाहेर बसला तर चान्सच कमी होतील, ही भीती कमिटीतल्या दोघांनी बोलून दाखवलीय.

जुना गोली

मी बरीच वर्षं भुसावळला रेल्वेच्या मैदानावर गोलमध्ये उभा राहिलो. दादा शाळकरी होता तेव्हापासून त्याचे शॉट मी झेललेत आणि सोडलेतही. एक गोष्ट सांगतो, जी बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. बॉल त्याच्याकडे निघायच्या आधी तो दोनदा मान वळवतो. एकदा स्टॉपर कुठे आहे ते बघायला, एकदा माझ्याकडे. मग बॉल पायाशी आल्यावर त्याला वर बघावंच लागत नाही. डाव्या पायाने बॉल हातभर बाजूला काढायचा आणि पुढच्याच पावलात उजव्याने मारायचा. गोली अजून पाय रोवत असतो तेव्हा बॉल जाळीत. या दिवाळीत पोरांबरोबर खेळताना त्याला परत बघितलं. पंधरा मिनिटांत धाप लागली, पळणं जवळपास थांबलं. मान वळवणं मात्र शेवटपर्यंत चालू होतं.

हे आमच्या पोरांना कोणी शिकवलेलं नाही. फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. शेजारी उभं राहून, शिव्या खाऊन शिकायची गोष्ट आहे.

आता तिसऱ्या अटीबद्दल. १९९० चा वर्ल्ड कप आम्ही चाळीतल्या एका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसून बघितला. कॅमेरूनचा रॉजर मिला तेव्हा ३८ वर्षांचा. राष्ट्रीय टीममधून निवृत्त होऊन रेयुनियन बेटावर खेळत होता, थेट त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी परत बोलावून घेतलं. त्याने त्या स्पर्धेत ४ गोल केले आणि चारही बदली म्हणून उतरून. रुमानियाविरुद्ध दोन, कोलंबियाविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये दोन. कोलंबियाचा गोली हिगिटा बॉल पायात घेऊन पार वर आला होता. मिलाने तो काढून घेतला आणि रिकाम्या गोलात टाकला. मी स्वतः गोली असल्याने तो क्षण अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. मग क्वार्टर फायनल, इंग्लंडविरुद्ध. हाफटाइमला उतरला, पेनल्टी मिळवून दिली, लगेच दुसऱ्या गोलचा पास दिला. कॅमेरून ३-२ असं हरलं, तेही एक्स्ट्रा टाइममध्ये.

त्याला पहिल्या मिनिटापासून उतरवलं असतं तर? मला नाही वाटत एवढं जमलं असतं. दमलेल्या स्टॉपरसमोर दमात असलेला जुना स्ट्रायकर, यासारखं भीतीदायक गोलीसाठी काही नाही. दादाला हे समजावून सांगायला हवं, आणि आदराने सांगायला हवं. बेंचवर बसणं हा त्याला कमीपणा वाटतोय. मिलाला कोणी कमी लेखलं का?

फिजिओताई (जळगाव)

वयाबद्दल हवेत बोलणं चाललंय, म्हणून थोडं शरीराबद्दल लिहिते.

तिशीनंतर जे पहिलं कमी होतं ते झटक्यात वेग घेण्याची ताकद. त्यासाठी लागणारे जलद आकुंचन पावणारे स्नायुतंतू वयानुसार बारीक होत जातात. दम टिकवता येतो, ताकदही व्यायामाने बरीच टिकते, पण पहिल्या पाच-दहा पावलांचा तो झटका पूर्वीसारखा राहत नाही. स्ट्रायकरचं निम्मं आयुष्य त्याच पाच-दहा पावलांत जातं. झ्लाटान, जिरू, लेवांडोव्स्की हे लोक पस्तिशीतही गोल करत राहिले, कारण त्यांचा खेळ मुळात शरीर आडवं घालून बॉल राखण्यावर, हेडरवर आणि जागा ओळखण्यावर उभा होता. ज्याचा सगळा खेळ मोकळ्या मैदानात धावून पुढे निसटण्याचा आहे, तो लवकर उतरतो. तुमचा दादा यातला कोणता, हे गोलीकाकांनी जवळजवळ सांगितलंच आहे.

दुसरी गोष्ट सावरण्याची. कडक मॅचनंतर स्नायू पूर्ववत व्हायला ४८ ते ७२ तास लागतात आणि वय वाढतं तसा तो काळ लांबतो. आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये शनिवारी एक मॅच आणि रविवारी दुसरी. छत्तिशीच्या माणसाला दोन्ही मॅच पूर्ण खेळवणं म्हणजे मांडीमागची शीर धरायला आमंत्रण. त्यातून आपली डिसेंबरची थंडी, सकाळी आठची मॅच आणि ग्राउंड दगडासारखं कडक.

म्हणून पैशाचं बोलायच्या आधी एक प्रश्न विचारा: गेल्या दोन वर्षांत हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा, त्रास झालाय का? आधी झालेली दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सर्वांत मोठी खूण असते. उत्तर ‘हो’ असेल तरी घाबरू नका, पण त्याच स्नायूसाठीचा नॉर्डिक व्यायाम आठवड्यातून दोनदा आणि मॅचच्या आधी वीस मिनिटांचा व्यवस्थित वॉर्म-अप, हे त्याने लेखी कबूल करावं. फिफाचा ११+ हा वॉर्म-अपचा कार्यक्रम फुकट मिळतो, त्याला खास साहित्य लागत नाही. पोरांनीही तोच करावा, त्यांचेही घोटे वाचतील.

मिलानवाल्या भाऊंनी एक गोष्ट सांगितली नाही. लीग जिंकल्यानंतर लगेच, मे २०२२ मध्ये झ्लाटानच्या गुडघ्याचं मोठं ऑपरेशन झालं. पुढच्या सिझनला तो लीगमध्ये चारच मॅच खेळू शकला. एकेक वर्षाचा करार का करायचा, ते यावरून समजून घ्या.

अमळनेरकर

गावना गडी गावमा परत उना शे, त्याले नही म्हनू नका. पाय थकनात तरी डोकं थकस नही. पन त्या पोऱ्याले बसाडीसन नही, दोन्ही खेळाले पाहिजेत. एवढंच मनं म्हननं.

धुळ्याचा मिलानवाला

ताई, ऑपरेशनचं मान्य. लिहायला हवं होतं.

विंगरभाऊंना एक विचारतो. स्ट्रायकर लुईस सुआरेझचं काय? ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ हरवलं, नवा कोच आला आणि ३३ वर्षांच्या सुआरेझला सांगितलं की तुझी गरज नाही. अ‍ॅटलेटिको माद्रिदने जवळपास फुकटात उचलला. त्या सिझनला लीगमध्ये २१ गोल. शेवटच्या मॅचला वायाडोलिडविरुद्ध विजयी गोलही त्याचाच. अ‍ॅटलेटिको ८६ पॉइंट घेऊन चॅम्पियन, बार्सिलोना ७९ वर तिसरं. सोडणाऱ्याने काय गमावलं आणि घेणाऱ्याने काय कमावलं, याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

रावेरचा विंगर

सुआरेझचं मी नाकारत नाही. पण त्याच्यामागे कोण पळत होतं तेही सांगा ना. अ‍ॅटलेटिकोच्या मार्कोस ल्योरेंतेने त्या सिझनला १२ गोल केले आणि ११ गोलांचे पास दिले, शिवाय मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. आणि त्यांचा कोच सिमिओने, त्याच्या हाताखाली कोणाचीही जागा कायमची नसते, थकला की सुआरेझलाही बाहेर काढायचे. तो प्रत्येक मॅचला पहिल्या अकरात घ्या म्हणून अट घालून आला नव्हता.

माझं भांडण वयाशी नाहीच. अटीशी आहे.

पारोळ्याचे सर

वीसेक वर्षं शाळेत पी.टी. शिकवतोय आणि पोरांच्या टीम घेऊन जिल्हाभर फिरतोय. वरच्या सगळ्या पोस्टी वाचल्या. एक गोष्ट अजून कोणी मांडलेली नाही, ती जरा सविस्तर मांडतो.

आपल्या देशातलंच उदाहरण घ्या. हैदराबाद एफसी, इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०२१-२२. स्ट्रायकर बार्थोलोम्यू ओग्बेचे, नायजेरियाचा, वय ३७. त्या सिझनला १८ गोल, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. मार्च २०२२ मध्ये गोव्यात फातोर्डा स्टेडियमवर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून हैदराबादने कप उचलला. पळायचं काम बाजूने आकाश मिश्रा आणि आशिष राय हे दोन तरुण भारतीय बॅक करत होते, आणि ओग्बेचे आपली ताकद बॉक्ससाठी राखून ठेवत होता. कोच मानोलो मार्केझ. म्हाताऱ्या स्ट्रायकरला कसं वापरावं याचा तो नमुनाच होता. त्याआधी एफसी गोवाने स्पेनच्या कोरोमिनासला घेतलं, तोही पस्तिशीच्या घरातला, आणि लागोपाठ दोन सिझन गोल्डन बूट त्याच्याच नावावर.

आता पुढचं ऐका. तेच मानोलो २०२४ मध्ये भारताचे कोच झाले. त्यांना भारतीय टीमसाठी गोल करणारा स्ट्रायकर सापडेना. शेवटी मार्च २०२५ मध्ये सुनील छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतलेला माणूस, वय ४०. शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने परत येताच गोल केला. आयएसएलच्या त्या सिझनला त्याचे १४ गोल, भारतीय खेळाडूंमध्ये सर्वाधिक. छेत्रीबद्दल माझ्या मनात आदराशिवाय काही नाही. चाळिशीत असं खेळायला आयुष्यभराची शिस्त लागते. पण त्याच्यामागे रांगेत कोणी का नव्हतं? कारण वर्षानुवर्षं बहुतेक क्लबांनी नऊ नंबरची जागा परदेशातून आलेल्या तयार खेळाडूला दिली. आपली पोरं विंगवर गेली नाहीतर बेंचवर बसली. हैदराबादचा हिशेब हैदराबादपुरता बरोबर होता, गोव्याचा गोव्यापुरता. प्रत्येकाने आपापल्या जागी योग्य तेच केलं आणि देशाला स्ट्रायकर उरला नाही.

हे मी आपल्या पातळीवर रोज बघतो. जिल्ह्याची निवड करणारे लोक मॅच बघायला येतात तेव्हा बेंचवर बसलेल्या पोराचं नाव कोणी लिहून घेत नाही. जिल्हा नाही तर पुढे राज्य नाही, आणि राज्य नाही तर खात्याच्या खेळाडू भरतीचं दार उघडत नाही. दादा स्वतः त्याच दारातून गेलाय. तो अठरा वर्षांचा असताना त्याच्या जागेवर कोणी छत्तिशीचा स्टार आणून बसवला असता तर आज आपण त्याच्याबद्दल बोलत नसतो.

माझा सल्ला: घ्या, पण पोराच्या जागेवर घेऊ नका. दोघांना एकत्र खेळवा. पुढे पोरगा, त्याने स्टॉपरच्या अंगावर धावावं, त्यांच्या बचावाची लाइन मागे ढकलावी. त्यामागे मोकळ्या झालेल्या जागेत दादा, पाठ गोलकडे, बॉल राखून पास द्यायला आणि दुसऱ्या लाटेत बॉक्समध्ये शिरायला. दादाचं पळणं कमी होतं, पोराची मिनिटं शाबूत राहतात, आणि मान वळवायला तो रोज समोर बघून शिकतो. मधल्या फळीत मात्र एक माणूस कमी पडेल, तिथे दमाचे दोन गडी लागतील. ते तुमच्याकडे आहेत का, हे कोचला विचारा. नसतील तर गोलीकाकांचा मार्ग धरा, शेवटची पंचवीस मिनिटं.

चाळीसगाव पॅसेंजर

सरांनी लाखमोलाचं लिहिलंय. मी फक्त पैशाचं बोलतो, कारण आमच्या क्लबचा जमाखर्च माझ्याकडे असतो.

मोठं नाव आलं की गर्दी होईल, वर्गणी वाढेल, असं कमिटीत कोणीतरी नक्की म्हणेल. २०१४ मध्ये दिल्ली डायनामोजने देल पिएरोला आणलं, चाळिशीला टेकलेला. वर्ल्ड कप जिंकलेला माणूस, इटलीचा लाडका. १० मॅच, १ गोल. लोक बघायला आले, टाळ्या वाजवल्या, पण त्यावर टीम उभी राहिली नाही. दोन वर्षांनी मुंबई सिटीने ३७ वर्षांच्या फोर्लानला, उरुग्वेच्या स्ट्रायकरला, घेतलं, त्याने ५ गोल केले आणि मुंबई लीगमध्ये पहिल्या नंबरवर राहिली. म्हणजे नावाचा उपयोग होतो, पण मैदानावर त्याला काम असलं तर. पोस्टरवर नाव लावण्यासाठी पैसे घालू नका.

मानधन द्यायचंच तर मॅचगणिक द्या, जितक्या मॅचला हजर तितकं. आणि ते पैसे पोरांच्या बुटांच्या आणि बाहेरगावच्या गाडीच्या पैशातून काढू नका. मी असा एक क्लब बघितलाय जिथे एका खेळाडूच्या मानधनापायी बाकीच्यांनी स्वतःच्या खिशातून जनरलचं तिकीट काढून मॅचला जायला सुरुवात केली. सिझन संपायच्या आत निम्मी पोरं सुटली.

नऊ नंबर

नमस्कार. सेमीफायनलला बारवरून मारणारा मीच. धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, लिहू की नको ठरत नव्हतं.

दादांना घ्यावं असं मला मनापासून वाटतं. दिवाळीत त्यांच्याबरोबर खेळलो तेव्हा त्यांनी एकच गोष्ट सांगितली: बॉल कुठून येतोय हे बघून झालं की लगेच गोली बघ, बॉल पायात आल्यावर बघशील तर उशीर झालेला असतो. मी आता घरामागच्या मोकळ्या जागेत भिंतीवर बॉल मारतो आणि तो परत येईपर्यंत दोनदा मागे बघायचा सराव करतो. अजून अर्धे बॉल निसटतात. कोणी शिकवणारं असेल तर लवकर जमेल.

पण मला खेळायचंही आहे. पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीसाठी माझी शेवटची संधी आहे वयोगटात. सर म्हणतात तसं एकत्र खेळवलं तर मी दोघांच्या वाटणीचं पळायला तयार आहे. त्यासाठी मला कमी पास मिळाले तरी चालतील. दादांच्या जागी मी बाहेर, असं मात्र होऊ नये, एवढीच विनंती.

जुना गोली

शाब्बास पोरा. त्या सेमीफायनलचं मनातून काढ. तो बॉल ढेकळावर उडाला होता, मी गोलमागेच उभा होतो.

फिजिओताई (जळगाव)

नऊ नंबर, भिंतीचा सराव चांगला आहे, पण दोघांच्या वाटणीचं पळू नकोस. वाढत्या वयात रोज जास्तीचं धावून गुडघ्याखालचा नळीचा त्रास घेऊन माझ्याकडे येणारी पोरं बरीच आहेत. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. हे कोचला माझ्या नावाने सांग.

तापीकाठ (भुसावळ)

काल संध्याकाळी दादाकडे जाऊन आलो. घरी भरीत-पुऱ्यांचा बेत होता, पण बोलणं मोकळेपणाने झालं. हा धागा त्याने वाचलाय. काही बोलायच्या आधी नऊ नंबरची पोस्ट त्याने मला परत वाचायला लावली.

दोन सिझनची अट त्याने सोडली, एक सिझन आणि पुढचं पुढे. मॅचगणिक मानधनालाही तयार आहे. हॅमस्ट्रिंगचं विचारलं, तर मागच्या वर्षी एकदा धरली होती असं सरळ सांगितलं, लपवलं नाही. वॉर्म-अपचं लेखी द्यायला हरकत नाही म्हणाला. पहिल्या अकराच्या अटीवर मात्र अर्धाच खाली आला. गटातल्या मॅचला बाहेर बसेन, पण नॉकआउटला पहिल्या मिनिटापासून उतरणार, असं त्याचं म्हणणं. मी मिलाचं सांगितलं. तो काही वेळ गप्प बसला, मग म्हणाला की वीस वर्षं मी कधी बेंचवर बसलो नाही, मला ते जमेल की नाही हे मलाच माहीत नाही. मला त्याचा राग आला नाही, उलट खरं बोलला याचं बरं वाटलं.

माझं मत बैठकीत असं मांडणार आहे: एका सिझनसाठी घ्यावं, मॅचगणिक मानधन, पोरगा आणि दादा एकत्र, आणि कोणाला कधी उतरवायचं हा निर्णय फक्त कोचचा, नॉकआउट धरून. यातली शेवटची ओळ दादाला मान्य नसेल तर घेऊ नये.

रावेरचा विंगर

शेवटच्या ओळीसह असेल तर माझा विरोध नाही. पण एक विचारून ठेवा. तुमचा कोच दादापेक्षा वयाने लहान आहे आणि त्याच्या हाताखाली खेळलेला आहे, बरोबर ना? नॉकआउटच्या मॅचला, गावातली सगळी माणसं कडेला उभी असताना, तो दादाला बाहेर बसवू शकेल का? कागदावर अधिकार देणं सोपं आहे. कमिटीने त्या दिवशी त्याच्या मागे उभं राहायचं कबूल केलं पाहिजे, आणि तेही दादासमोर.

तापीकाठ (भुसावळ)

बरोबर. हा मुद्दा ठरावात घालतो, आणि कोच व दादा दोघांनाही बैठकीला बोलावतो, म्हणजे जे बोलायचं ते समोरासमोर होईल. गोलीकाका, तुम्हीही या, तुमचं दादा ऐकतो. रविवारी संध्याकाळी ६ वाजता, नेहमीच्या जागी. सभासद नसलेल्यांनीही यायला हरकत नाही, मत द्यायचा अधिकार मात्र वर्गणी भरलेल्यांनाच.